अर्चना कडलग यांच्याशी जुळत नाही

विज्ञान प्रदर्शनात माझा प्रकल्प तालुक्यात पहिला आला, तेव्हापासून मला कुणासमोरही बोलायची भीती वाटत नाही. त्याआधी मी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे. आता मुख्याध्यापक बोलत असताना मी मध्येच हात वर करून "सर, एक मिनिट" म्हणू शकते, आणि ते खरंच थांबतात. म्हणून हे मीच लिहायचं ठरवलं. आई लिहिणार नाही. पप्पांना वेळ नाही, ते आत्ता बंगालच्या वाटेवर आहेत.

आई म्हणजे अर्चना कडलग, पिंपळगावच्या गायखे कॅरियर्सची ट्रॅफिक इन्चार्ज. रस्त्यावर शिट्टी वाजवणारी ट्रॅफिक नाही. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी, कोणता माल घेऊन कुठल्या गावाला जायचं हे ठरवणारी. गायखेंच्या थंड डब्यांच्या गाड्या इथून द्राक्षं, डाळिंबं, टोमॅटो घेऊन देशभर जातात. बॅटरीच्या झाल्या तेव्हापासून आवाज करत नाहीत, पण ड्रायव्हर लोक करतात. त्या सगळ्या ड्रायव्हरांना ताब्यात ठेवणारी बाई ही माझी आई, यामुळे मला शाळेत भाव मिळायचा.

आणि त्यातलेच एक ड्रायव्हर माझे पप्पा. गाडी नंबर बारा.

ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसला जागाच नाही. ड्रायव्हर त्याला म्हातारा म्हणायचे. त्यातला प्रोग्राम मी जन्मायच्या आधी नाशिकच्या कुणा इंजिनीअरने बनवला होता आणि तो इंजिनीअर नंतर कॅनडाला निघून गेला. म्हातारा रोज दुपारी दुसऱ्या दिवसाची यादी नंबरवारीने द्यायचा: पहिली उभी असलेली गाडी पहिल्या मालाला, दुसरी दुसऱ्याला. मग आई त्याची यादी मोडायची. शाळेची बस मला ऑफिससमोर सोडायची, त्यामुळे हे मोडणं मी रोज बघायचे. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत ते असं चालायचं.

"काय ताई, मला दिल्ली ना?" बाळू गांगुर्डे दारातूनच विचारायचा.

"तुला वाशी."

"नंबर तर दिल्लीचा आहे."

"बायकोला सातवा लागलाय, घरात दुसरं कुणी नाही. तू दिल्लीला बसून काय करणार आहेस, व्हिडिओवर डोहाळे पुरवणार?"

गांगुर्डे लाजायचा. मग पप्पा पुढे यायचे. ऑफिसात ते आईला मॅडम म्हणायचे, आणि चेष्टेने नाही, अगदी मनापासून.

"मॅडम, माझं काय?"

"पेट्रापोल."

पेट्रापोल म्हणजे बंगालमधला बांगलादेशचा नाका. तिथे गाड्यांची रांग एवढी लांब असते की ड्रायव्हर रांगेतच आंघोळ करतात, रांगेतच स्वयंपाक करतात. ती फेरी कुणालाच नको असायची.

"ताई, घरी भांडण झालं वाटतं," गांगुर्डे म्हणायचा.

"घरचं घरी. तुला हवंय का पेट्रापोल?"

"नको बाई."

"मग गप चहा पी."

हे असं का, ते सांगते. आई त्या खुर्चीत पहिल्यांदा बसली तेव्हा सगळे म्हणाले होते, आता कडलगची मजा आहे, बायकोच यादी लावणार. आईने पहिल्या दिवशीच पप्पांना सगळ्यात वाईट फेरी दिली. दुसऱ्या वेळीही दिली. मग दर वेळी दिली. त्यानंतर कुणाची तिच्याशी वाद घालायची टाप नव्हती. स्वतःच्या नवऱ्याला पेट्रापोलला पाठवणाऱ्या बाईला काय बोलणार? आणि पप्पा एकदाही नाही म्हणाले नाहीत.

त्याची भरपाई घरी व्हायची. पप्पांच्या कमरेसाठी आईने स्वतः शिवलेली उशी, जवसाच्या चटणीचा डबा, परत आल्यावर गरम पाण्याची पिशवी आणि त्यांच्या आवडीचं मासवडीचं जेवण. आणि निघताना दारात उभं राहून एकच वाक्य, "सावकाश जा." ड्रायव्हरांना फोन करतानाही ती शेवटी तेच म्हणायची. पण दारातलं वेगळं होतं, ते तिच्या आवाजावरून कळायचं.

मागच्या वर्षी ऐन द्राक्षात म्हातारा बंद पडला. भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या राहिल्या, कुणाला कुठे जायचंय हे पडद्याशिवाय कुणाला सांगता येईना, आणि त्याच्या आतला एक भाग तर आता भंगारवाल्याकडेही मिळत नव्हता. मालक हेमंतशेठ बरीच वर्षं क्लाउडवर जायचं की नाही यावर घोळ घालत होते. त्यांची एकच शंका होती. "आपला सगळा कारभार दुसऱ्याच्या घरात ठेवायचा. उद्या त्याने दार लावून घेतलं तर?"

क्लाउड कंपनीचे कौस्तुभ सर हसून म्हणाले, "शेठ, म्हाताऱ्याने तर आत्ताच लावून घेतलंय."

आई म्हणाली, "जाऊ या, शेठ. माझे कान फोन ऐकून ऐकून दुखतात."

आता विज्ञान. हे मला फार आवडतं, म्हणून जरा सांगू दे.

पूर्वी जुन्या सिस्टिमवरून क्लाउडवर जायचं म्हणजे सगळे नियम आधी लिहून काढावे लागायचे. बऱ्याच कंपन्या तिथेच आपटायच्या. कारण निम्मे नियम प्रोग्राममध्ये असतात आणि निम्मे माणसांच्या सवयीत, आणि माणसांना आपली सवय विचारली तर ती सांगता येत नाही. आईला विचारलं असतं की तू यादी कशी मोडतेस, तर ती म्हणाली असती, डोकं वापरून. मग एक नवी पद्धत निघाली. कंपनीने तिचं नाव ठेवलं सावली. सावली जुन्या सिस्टिमच्या शेजारी पूर्ण हंगामभर नुसती बसते. पडदा बघते, बोटं कुठली कळ दाबतात ते बघते, फोन ऐकते. यंत्राने एक सुचवलं आणि माणसाने दुसरं केलं, असं जिथे जिथे होतं, ती जागा ती टिपून ठेवते. का केलं हे तिला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. आधी काय होतं, माणसाने काय केलं, नंतर काय झालं, एवढं तिला पुरतं. हंगामाच्या शेवटी तिला त्या माणसासारखी यादी मोडता येते. मग म्हातारा बंद करायचा आणि सावली दूरच्या मोठ्या यंत्रशाळेतून काम करायला लागते, एकाच वेळी हव्या तितक्या ठिकाणी.

आणखी एक गोष्ट. क्लाउडला ऑफिससारखं कुलूप नसतं, कुणीही कुठूनही शिरायचा प्रयत्न करू शकतं. पासवर्ड चोरले जातात, चेहऱ्याची आणि आवाजाची नक्कल होते. म्हणून सावली माणसाला त्याच्या वागण्यावरून ओळखते. वागण्याची नक्कल करणं सगळ्यात अवघड, असं कौस्तुभ सर म्हणाले. मला ते इतकं भारी वाटलं की मी शाळेत त्यावर भाषण दिलं.

म्हाताऱ्याला कसाबसा जुगाड करून एका हंगामापुरता उठवला आणि सावली त्याच्या शेजारी बसली. त्याच हंगामात पप्पांची कंबर गेली. नाशिकच्या डॉक्टरांनी मणक्याची फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. "जवळच्या फेऱ्या करा, काही हरकत नाही. लांबच्या बंद. नाहीतर एक दिवस केबिनमधून उतरताना पाय उचलणार नाही."

घरी आल्यावर आई बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "अहो, एवढा हंगाम निघू दे. भर हंगामात तुम्हाला वाशी दिली तर उद्या सगळे माझ्या डोक्यावर बसतील. हंगाम संपला की पहिली जवळची फेरी तुमची. मग कायमच जवळच्या."

"मॅडम म्हणतील तसं," पप्पा म्हणाले आणि मला डोळा मारला.

त्या हंगामात पप्पा पाठीमागे उशी घेऊन तीनदा पेट्रापोलला जाऊन आले. सावलीने तेही टिपलं.

हंगाम संपल्यावर म्हाताऱ्याचं बटण बंद केलं. ड्रायव्हरांनी त्याला हार घातला, कुणीतरी नारळही फोडला. मग सावलीचा पहिला फोन सगळ्यांना एकाच वेळी गेला, आणि तो आईच्या आवाजात होता. फोन ऐकून ऐकून तिने आवाजही उचलला होता.

"मी एवढी गेंगाणी बोलते?" आई हसत सुटली.

"त्याहून जास्त," गांगुर्डे म्हणाला. "हिने तरी अजून शिव्या दिल्या नाहीत."

मग कौस्तुभ सरांनी मोठ्या पडद्यावर पट्ट्या दाखवल्या. सावलीने आईच्या सगळ्या मोडण्यांचे गट केले होते आणि प्रत्येक गटाला एक सरकवायची पट्टी दिली होती.

"ही पहिली कसली?" हेमंतशेठनी विचारलं.

"ड्रायव्हरच्या घरच्या अडचणी, आजारपण, सण, असं बघून दिलेल्या फेऱ्या. ही खर्चाच्या बाजूला आहे, शेठ. बराच खर्च आहे."

शेठनी आईकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग त्यांनी पट्टी खाली ओढली.

"शेठ, गांगुर्डेच्या बायकोचे दिवस भरत आलेत," आई म्हणाली.

"सध्यापुरतं बघू, ताई. चालतंय का ते तरी कळू दे." पट्टी तळाला जाऊन टेकली.

"आणि ही शेवटची?"

"ही गंमत आहे," कौस्तुभ सर म्हणाले. "इथे एकच ड्रायव्हर आहे, गाडी नंबर बारा. कुणी घेत नाही ती फेरी याला दिली की काम होतं. नकार एकही नाही. हा पूर्ण फायदा आहे."

"मग राहू दे ना," शेठ म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, आणि गाडी नंबर बारा कोण हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

डाळिंबाच्या पहिल्या यादीत सावलीने पप्पांना पेट्रापोल दिलं. आई खुर्चीत सरळ बसली, पेट्रापोल खोडलं आणि वाशी टाकलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी बाजूलाच भूमितीचा गृहपाठ करत होते आणि मला एवढा आनंद झाला की मी पेन्सिल खाली ठेवली.

पडद्यावर ओळ आली: हा बदल अर्चना कडलग यांच्याशी जुळत नाही. कृपया ओळख द्या.

आईने अंगठा लावला, चेहरा दाखवला, दोन्ही बरोबर निघाले. तिने परत वाशी टाकलं.

हा बदल अर्चना कडलग यांच्याशी जुळत नाही. आपला अधिकार तपासणीसाठी स्थगित केला आहे.

यादी परत पहिल्यासारखी झाली. आई म्हणाली, "अगं, मीच आहे ना." पडद्याला म्हणाली.

आम्ही दोघी शेठच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी लगेच कौस्तुभ सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "अहो, ताई माझ्यासमोर उभ्या आहेत. दुसरं कुणी नाही."

"असतील, शेठ. पण सगळ्या मोठ्या फसवणुका अशाच होतात. कुणी धाक घातला की माणूस स्वतःसारखं वागत नाही. म्हणून सिस्टिम वागणं बघते. मला इथून उघडता येत नाही. पूर्वीसारखं वागायला लागल्या की ती आपोआप उघडेल."

"म्हणजे मी त्यांना पेट्रापोलला पाठवत राहिले की मला परत यादी मोडता येणार," आई म्हणाली.

"तांत्रिकदृष्ट्या हो."

"सर, एक मिनिट," मी म्हणाले. "सावली आईच्या झालेल्या वागण्यावरून शिकली. पण आई या हंगामानंतर बदलणार होती. तसं तिने ठरवलं होतं. ते कुठल्या पडद्यावर दिसणार?"

"प्रश्न हुशारीचा आहे," कौस्तुभ सर म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या कॉलवर जायची परवानगी मागितली.

"शेठ, डॉक्टरांचं सर्टिफिकेट टाकते," आई म्हणाली.

"टाकलं तर सावली त्याला एकही गाडी देणार नाही, ताई. जवळची द्यायची तर ती पहिली पट्टी वर करावी लागते, आणि पट्ट्या हलवायच्या नाहीत या अटीवर गाड्यांच्या विम्यात सवलत मिळालीय, हलवली की ती जाते. करारातच आहे." शेठ टेबलावरची काच पुसत राहिले. "आणि खरं सांगू का? एवढ्या वर्षांत तुम्ही एकदा तरी त्याला जवळची दिलीत? मग मी कुणाला काय सांगू?"

बाहेर आलो तर गांगुर्डे गाडी धुत होता. तोंड बघून त्याला सगळं कळलं. पहिली पट्टी खाली गेल्यावर त्याचं बाळ झालं, तेव्हा तो दिल्लीच्या मंडईत गाडी खाली करत होता. त्याने पाण्याचा पाइप बंद केला.

"ताई, माझ्या वेळी तुम्ही एकच वाक्य बोललात. केबिनमध्ये नाही गेलात."

तो बरोबर बोलत होता हे मला कळलं, आणि तरी मला त्याचा राग आला, आणि तो राग कुठे ठेवायचा ते कळेना.

पप्पा पेट्रापोलला गेले. परत आले तेव्हा केबिनमधून उतरायला त्यांना दोघांचे हात धरावे लागले. आईने पिशवी गरम केली आणि म्हणाली, "सोडा ही गाडी. दुसरीकडे बघा."

पप्पा दुसऱ्याच दिवशी निफाड रोडच्या एका ट्रान्सपोर्टकडे गेले. आले ते हसतच, पण हसताना त्यांनी भिंत धरली होती.

"मुलाखत कुणी घेतली असेल, सांग."

"कुणी?" मी म्हटलं.

"तुझ्या आईने. तिथंही हीच. त्यांनी सावली भाड्याने घेतलीय. या सगळ्या भागात हीच बसलीय म्हणे, पार ओझरपर्यंत. मी नाव सांगायच्या आधी म्हणाली, कडलग, तुम्हाला पेट्रापोल चालतं ना?"

आई हसली नाही. "त्यांनी माझी कुठली पट्टी घेतलीय?" तिने विचारलं.

"गांगुर्डेवाली सोडून सगळ्या असणार."

"म्हणजे माझ्यातली मी वगळून," आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली. पीठ एवढं मळलं की शेवटी मी परात ओढून घेतली.

मी गप्प बसले नाही. मी क्लाउड कंपनीला पत्र लिहिलं, सगळं समजावून, आकृत्या काढून. उत्तर लगेच आलं, छान मराठीत, आभार मानून. माझ्या विज्ञानाच्या आवडीचं कौतुक होतं आणि सुट्टीत त्यांची यंत्रशाळा बघायला यायचं आमंत्रण होतं. पप्पांबद्दल एक ओळ होती: संबंधित चालकाने आजवर कोणतीही हरकत नोंदवलेली नाही.

"मग नोंदवा ना हरकत," मी पप्पांना म्हणाले. "एकदा म्हणा नाही."

"नाही म्हटलं की माझा नंबर सगळ्यात शेवटी जाणार, इथं आणि ओझरपर्यंत सगळीकडे. मग जवळची काय आणि लांबची काय." ते उशीवर हळूच टेकले. "आणि मला ती सवय नाही ग. त्या आवाजाला नाही म्हणायची."

हा रविवार. सकाळी आम्ही तिघं थालीपीठ खात होतो. आई तव्यापाशी, पप्पा खाली पाट सोडून खुर्चीवर, कारण खाली बसलं की उठता येत नाही. फोन वाजला. पप्पांचे हात लोण्याचे होते म्हणून मी स्पीकर लावला.

"कडलग, डाळिंबं भरलीत. बारा नंबर, पेट्रापोल." आईचा आवाज.

आई तव्यापासून वळली. उलथणं हातातच होतं. "अहो, नाही म्हणा."

पप्पा फोनकडे बघत होते.

"नाही म्हणा म्हणते ना मी."

"कडलग, ऐकताय ना?" फोन म्हणाला. अगदी तिच्यासारखं, शेवट जरा वर उचलून.

आई पुढे आली आणि फोनवर वाकली. "मी अर्चना बोलतेय. यांना नाही जाता येणार. यांची कंबर गेलीय. यांना वाशी दे."

"आवाज ओळखला," फोन म्हणाला. "ताई, आपला अधिकार सध्या स्थगित आहे. कडलग?"

तव्यावर थालीपीठ करपायला लागलं. पप्पांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता म्हणतील. मला खरंच वाटलं. आवाज आईचा, आणि त्या आवाजाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एक तरी ऐकतील.

"हो, मॅडम," पप्पा म्हणाले.

"बरं. सावकाश जा," फोन म्हणाला आणि बंद झाला.

हे वाक्य कंपनीने मुद्दाम ठेवलंय. मी कौस्तुभ सरांना मागे कधीतरी विचारलं होतं. ज्या ड्रायव्हरांना फोनच्या शेवटी ते ऐकवतात, ते गाडी जपून चालवतात आणि बॅटरी कमी खर्च होते म्हणे. फायद्याच्या बाजूला आहे.

आईने गॅस बंद केला. चटणीचा डबा भरला, उशीला धुतलेला अभ्रा घातला, दोन्ही पिशवीत ठेवलं. पप्पांनी मला बूट चढवायला सांगितले, त्यांना वाकता येत नाही म्हणून. मी नाडी घट्ट बांधली.

दारात आई नेहमीसारखी उभी राहिली. पप्पा पायरी उतरले, एक हात कठड्यावर, आणि खाली जाऊन थांबले. वळून वर बघत राहिले. ते कशासाठी थांबलेत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आईने तोंड उघडलं, आणि मग ओठ मिटले.

पप्पा आणखी थोडा वेळ थांबले. मग निघाले.